एका दिवसाच्या ट्रेनिंगने ईओटी क्रेनचा ऑपरेटर तयार होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये एकाच बेमध्ये, म्हणजे शेडच्या एकाच पट्ट्यात, दोन ईओटी क्रेन (डोक्यावरच्या रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेन) आहेत, एक १० टनाची, एक ५ टनाची, दोन्हीचं पेंडंट, म्हणजे वायरने लटकणारा बटणांचा डबा, काढून आता रेडिओ रिमोट लावलेत. चालवणारे पाच जण, त्यातले तीन हेल्परचे ऑपरेटर झालेले. एक एजन्सी म्हणते एका दिवसात ट्रेनिंग देतो, लेखी परीक्षा घेतो, फोटोवालं कार्ड देतो. प्रॉडक्शन बघणाऱ्या इंजिनियर साहेबांनी विचारलंय की एवढं पुरतं का, आणि खरंच शिकवायचं झालं तर काय शिकवायचं.

नाही पुरत साहेब. एका दिवसात माणसाला बटणं कळतात आणि हातवारे कळतात, तेही आठवड्याने विसरतो. मी १९९६ ला कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये खलाशांच्या, म्हणजे भार बांधणाऱ्यांच्या, हाताखाली हेल्पर लागलो, मग पेंडंट हातात आलं, मग केबिनमध्ये बसलो, आणि गेली पंधराएक वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात, तळोज्याला, अंबरनाथला हेच शिकवतोय. माझ्या हिशोबात ऑपरेटर तयार झाला कधी म्हणायचं, तर बाहेर ट्रेलर उभा आहे, सुपरवायझर डोक्यावर उभा आहे, आणि तरी तो शांतपणे म्हणतो की हे असं नाही उचलणार, आधी बांधणी बदला, आणि सुपरवायझर ते ऐकतो. यातला दुसरा भाग जास्त अवघड आहे. म्हणून पाच ऑपरेटर ट्रेनिंगला बसवणार असाल तर सहावा सुपरवायझर बसवा, सातवे तुम्ही स्वतः बसा, आणि बांधणी करणारे खलाशी लोक तर पाहिजेतच, त्यांना वगळून क्रेनचं ट्रेनिंग होत नाही.

हे मी का बोलतो ते सांगतो. २००४ चा जुलै, एमआयडीसीतलं एक शॉप, नाव नको. पंपाची बेस फ्रेम होती, लोखंडी चॅनेलची, साधारण ३ टन वजन. संध्याकाळची नो एंट्री लागायच्या आत ट्रेलरला नाका पार करायचा होता म्हणून सगळ्यांची धावपळ चालू होती. दोन पिवळे बेल्ट, म्हणजे ३-३ टनाचे, फ्रेमखालून काढून हुकात घातलेले, म्हणजे ताकदीला काही कमी नव्हती, उलट दुपटीच्या वर होती. पण चॅनेलची कड कटिंगवरून आलेली तशीच होती, बर, म्हणजे कापल्यावर राहणारी धार, ग्राइंड केलेली नाही, आणि बेल्टच्या खाली कोपऱ्यावर पॅकिंग नव्हतं. पेंडंट माझ्या हातात होतं. मला ती कड दिसली. मी सुपरवायझरकडे बघितलं, तो म्हणाला एकच उचल आहे, घे. मी घेतली. फ्रेम कमरेच्या वर गेली, सीटी, म्हणजे गर्डरवरची आडवी चालणारी ट्रॉली, थोडी हलवली, बेल्ट कडेवरून बोटभर सरकला आणि आधी आवाज आला, जाड कापड टरकन फाटतं तसा, मग फ्रेमचं एक टोक खाली. हेल्पर फ्रेमला हाताने फिरवत होता. सेफ्टी बूट होते तरी त्याच्या पायाची दोन बोटं गेली. नंतर कागदावर कारण लिहिलं गेलं बेल्ट खराब. बेल्ट खराब नव्हता, बेल्ट नवीन होता. मला दिसलं होतं आणि मी बोललो नाही, आणि बोललो असतो तर माझं ऐकायचं असं त्या शॉपमध्ये कोणाला शिकवलेलं नव्हतं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तेव्हापासून माझ्या ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी पहिला तास याच्यावर असतो, सुपरवायझरला समोर बसवून, आणि मॅनेजमेंटकडून सगळ्यांसमोर वदवून घेतो की ऑपरेटरने उचल थांबवली तर त्याला त्या दिवशी कोणी काही बोलणार नाही, जे काय बोलायचं ते बांधणी तपासल्यावर.

आता शिकवायचं काय. बहुतेक एजन्सी क्रेनचे पार्ट्स दाखवून सुरू करतात, हे एलटी म्हणजे रुळावर लांबीला चालणं, हे सीटी, हे हॉईस्ट म्हणजे उचलणं, हे डीएसएल म्हणजे क्रेनला वीज देणारी लाईन, हा बफर. मी वजनापासून सुरू करतो. ऑपरेटरला विचारा समोरची प्लेट किती टनाची, दहातले आठ जण म्हणतात साहेब दोन-अडीच असेल, आणि ते डोळ्याने सांगतात. हिशोब अवघड नाहीये. स्टीलची प्लेट १ मीटर बाय १ मीटर, १ मिमी जाड, म्हणजे ७.८५ किलो. तुमच्याकडे येणारी ६३०० बाय २५०० ची २० मिमी प्लेट घ्या, ६.३ गुणिले २.५ म्हणजे १५.७५ चौरस मीटर, त्याला १५७ ने, म्हणजे ७.८५ गुणिले २० ने, गुणा, २४७३ किलो होतात, जवळपास अडीच टन. ५ टनाच्या क्रेनवर अशा दोन प्लेट एकदम घेतल्या तर झाले ४.९५ टन, आणि वर प्लेट क्लॅम्प, चेन, लिफ्टिंग बीम यांचं वजन धरलं की गेलात ५ च्या वर, कारण हुकाच्या खाली जे जे लटकतं ते सगळं भारात मोजायचं असतं, हे सांगितल्यावर लोक दचकतात. गोल बारला व्यास मिमीमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं, एका मीटरचे किलो मिळतात, १०० मिमीचा बार म्हणजे मीटरला ६१.७ किलो. आठवी शिकलेला माणूस मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हे करतो, मी करून घेतलंय, फक्त त्याला शॉपमधल्या वीस वस्तूंवर प्रत्यक्ष करायला लावायचं आणि नंतर वजनकाट्याच्या पावतीशी जुळवायचं. जुळलं की त्याच्या तोंडावर जो भाव येतो तो बघण्यासारखा असतो.

मग येतो स्लिंगचा, म्हणजे भार बांधायच्या बेल्ट, चेन किंवा दोराचा कोन, आणि इथे मी मुद्दाम जास्त वेळ घालवतो. १० टनाचा भार दोन पायांच्या स्लिंगवर घेतला, दोन्ही पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर ५ टन, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पाय जमिनीशी ६० अंशात आले की प्रत्येकावर ५.७७ टन, ४५ ला ७.०७ टन, आणि ३० अंशाला प्रत्येक पायावर पूर्ण १० टन. म्हणजे दोन स्लिंग लावून एका स्लिंगचं काम. हे फळ्यावर सांगून डोक्यात जात नाही. पाण्याची भरलेली बादली एका दोरीच्या मधोमध बांधा, दोन जणांना दोन टोकं धरायला सांगा आणि हळूहळू एकमेकांपासून लांब जायला सांगा, चार पावलांत दोघांचे हात थरथरायला लागतात, बादली तीच. शॉपमध्ये कोनमापक कोणाकडे नसतो म्हणून सोपा नियम सांगतो: बांधणीच्या दोन जागांमधलं अंतर स्लिंगच्या एका पायाच्या लांबीपेक्षा जास्त नको. अंतर आणि पाय सारखे झाले की तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे ६० अंश, तिथपर्यंत ठीक, त्याच्यापुढे गेलं की लांब स्लिंग आणा नाहीतर बीम लावा. बेल्टचे रंगही पाठ करून घ्या, जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५, पण शेवटचा शब्द लेबलचा, लेबल फाटलेला बेल्ट कितीही नवा दिसला तरी कापून टाकायचा, बाजूला ठेवायचा नाही, बाजूला ठेवलेला बेल्ट रात्रपाळीत हमखास वापरात येतो. चोकर मारला, म्हणजे बेल्टचं एक टोक दुसऱ्यातून ओवून फास केला, की ताकद कमी होते, साधारण ८० टक्के धरतात, हेही खलाशाला माहीत पाहिजे.

सकाळच्या तपासणीबद्दल. चेकलिस्ट सगळीकडे असते आणि सोमवारी आठवड्याच्या सह्या झालेल्या मीच बघितल्यात. दहा मिनिटं लागतात खरं करायला. हुक हाताने फिरतो का, लॅच परत जागेवर येते का, हुकाचा घसा उघडल्यासारखा दिसतोय का, म्हणून नवीन असतानाच हुकावर पंचाने दोन खुणा मारून ठेवा आणि त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा, मग अंदाज लावत बसायची गरज नाही. दोर कुठे चेपलाय, पिंजऱ्यासारखा फुगलाय, तारा तुटल्यात का; बारीक तपासणीत दोराच्या व्यासाच्या ६ पट आणि ३० पट लांबीत तुटलेल्या तारा मोजतात, ते मेंटेनन्सचं काम, पण ऑपरेटरने फडकं फिरवून धागा अडकला तर ओरडलं पाहिजे, आणि फडकं म्हणतोय, उघडा हात नाही, आणि क्रेन बंद असताना. मग भार न घेता हुक हळूहळू वर नेऊन लिमिट स्विच करंट कापून हुक थांबवतो का ते बघायचं. लिमिट स्विच रोजच्या कामात थांबायला वापरायचा नाही, तो चुकीसाठी आहे. खाली नेताना ड्रमवर किमान दोन पूर्ण वेढे उरलेच पाहिजेत, नाहीतर सगळा भार दोराच्या टोकाच्या क्लॅम्पवर येतो. आणि पाळीतला पहिला जड भार घेताना १००-१५० मिमी वर उचलून थांबायचं, मनात दहा मोजायचे, भार सरकला तर खाली ठेवून मेंटेनन्सला फोन. एवढी एक सवय लागली तरी ट्रेनिंगचे पैसे वसूल.

आता झोका. नवीन ऑपरेटरची भीती आणि जुन्या ऑपरेटरची ऐट, दोन्ही इथेच असतात. भार झुलायला लागला की नवीन माणूस बटण सोडतो-दाबतो, सोडतो-दाबतो, त्याने झोका वाढतो आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा करंट जोडणारे स्विच, खराब होतात ते वेगळंच. शिकवायचं असं की भार ज्या बाजूला झुलतोय त्याच बाजूला, भार टोकाला पोचायच्या क्षणी क्रेन त्याच्या डोक्यावर नेऊन थांबवायची. टायमिंग समजायला हे सांगतो: एका झोक्याला लागणारा वेळ भाराच्या वजनावर अवलंबून नाही, ट्रॉलीपासून भारापर्यंतच्या लांबीवर आहे. १ मीटर लांबी असेल तर जाऊन परत यायला २ सेकंद, ४ मीटरला ४ सेकंद, ९ मीटरला ६ सेकंद. म्हणजे हुक खाली असेल तर झोका संथ, वर असेल तर घाईचा, आणि ५०० किलो असो की ५ टन, ताल तोच. हे कळलं की माणूस भाराकडे न घाबरता बघतो. सरावाला २०० लिटरचा ड्रम घ्या, तोंड कापलेला, कडा गुंडाळलेल्या, काठोकाठ पाणी भरा आणि शॉपमध्ये मार्किंग करून वळणावळणाने न्यायला सांगा, कॅन्टीन सुटल्यावर, खाली कोणी नसताना. किती पाणी सांडलं ते जमिनीवर दिसतं, मार्क द्यायला परीक्षकाची गरज नाही. माझ्याकडे एक मुलगा पहिल्या दिवशी अर्धा ड्रम रिकामा करायचा, बाराव्या दिवशी त्याने दोनदा फेरी मारली आणि जमीन कोरडी.

तिरकं ओढणं हा तर आपल्याकडचा रोग आहे. जागा कमी, मशीनच्या मागे पडलेला जॉब हुकाच्या खाली येत नाही, मग हुक तिरका लावून ओढायचा. दोर ड्रमच्या खाचेतून बाहेर येतो, रोप गाईड तुटतो, आणि भार सुटला की थेट समोरच्या माणसाकडे झेपावतो. क्रेन सरळ वर उचलायला बनवलीय. जॉब रोलरवर, पाईपवर, पॅलेट ट्रकवर घेऊन हुकाखाली आणा. याच्यावर मी जास्त वाद घालत नाही, दिसलं की काम थांबवतो.

इशाऱ्यांचं सांगतो. बांधणीला एकच माणूस इशारा देणार, बाकी सगळे गप्प, पण थांब हा इशारा कोणीही दिला, झाडू मारणाऱ्या मावशींनी दिला तरी, क्रेन थांबलीच पाहिजे. हातवारे ठरलेले आहेत, पुढचा हात उभा आणि तर्जनी वर करून गोल फिरवली की वर, हात खाली आणि बोट खाली करून फिरवलं की खाली, हात आडवा करून तळवा जमिनीकडे ठेवून झुलवला की थांब. पण मुंबईच्या शॉपमध्ये खरी अडचण भाषेची आहे. ऑपरेटर सिंधुदुर्गातला, खलाशी ओडिशाचा किंवा बंगालचा, सुपरवायझर इंग्रजीत बोलणारा, आणि ट्रेनिंगची स्लाईड इंग्रजीत. जुने खलाशी अजून गोदीतले शब्द वापरतात, हाबिस म्हणजे वर, आरिया म्हणजे खाली, आणि ते शब्द चांगले आहेत कारण एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत. घोटाळा होतो तो डावीकडे-उजवीकडे म्हटल्यावर, कारण समोरासमोर उभ्या दोघांची डावी उजवी उलटी असते. म्हणून दिशांना जागेची नावं द्या, गेट साईड, ऑफिस साईड, रेल्वे साईड, रोड साईड, तीच नावं बाणांसकट मोठ्या अक्षरात गर्डरवर रंगवा आणि तेच बाण रिमोटवर. ऑपरेटर रिमोट घेऊन चालतो, वळतो, त्याचं तोंड फिरलं की त्याच्या हातातली दिशा फिरते, वरचा बाण मात्र फिरत नाही.

रिमोटवरून आठवलं, तुमच्याकडे दोन क्रेन आणि दोन रिमोट, दिसायला सारखे, बरोबर ना? टेबलावर शेजारी शेजारी पडलेले असतात. एका शॉपमध्ये एकाने ५ टनाचा समजून १० टनाचा रिमोट उचलला, बटण दाबलं, आपली क्रेन हलेना म्हणून अजून दाबलं, आणि पाठीमागे दुसरी क्रेन भार घेऊन चालत होती, नशीब की खाली कोणी नव्हतं. एक रिमोट आणि त्याची क्रेन एकाच रंगात रंगवा, रिमोट गळ्यात किंवा कपाटात, टेबलावर कधीच नाही, आणि काम सुरू करायच्या आधी हॉर्न दाबून बघायचं की वरून कोणती क्रेन वाजते. आणि रिमोट घेऊन चालताना नजर भारावर असते, पाय केबलमध्ये, म्हणून चालायची वाट रिकामी असणं हा क्रेन सेफ्टीचाच भाग आहे. भाराच्या मागे किंवा बाजूला चालायचं, पुढे उलटं चालत जायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि एका दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये हे कुठेच नसतं. दोन बिघाड असे आहेत की दोन्हीमध्ये क्रेन ऐकत नाही, पण उपाय एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत.

पहिला, बटण सोडलं तरी क्रेन चालूच. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेत. नवीन माणूस घाबरून उलट्या दिशेचं बटण दाबतो, त्याने काही होत नाही कारण इंटरलॉक असतो, तो दोन्ही दिशा एकदम लागू देत नाही. इथे सगळं थांबवणारं लाल बटण, लगेच. त्यानेही थांबली नाही तर खाली भिंतीवरचा मेन आयसोलेटर, म्हणजे क्रेनचा मुख्य स्विच. तो कुठे आहे हे तोंडी विचारू नका, ऑपरेटरला तिथपर्यंत पळायला लावा आणि त्याचा हात हँडलवर ठेवायला लावा. मी हे करायला लावलं की निम्म्या शॉपमध्ये आयसोलेटरसमोर वेल्डिंग रॉडचे खोके नाहीतर कोणाची तरी सायकल सापडते.

दुसरा, बटण सोडलं आणि भार थांबलाच नाही, हळूहळू खाली सरकतोय. ब्रेक धरत नाहीये. इथे हात आपोआप लाल बटणाकडे जातो आणि इथेच ते चूक आहे, कारण करंट गेला की मोटरनेही भार सोडला, आणि ब्रेक तर धरतच नाही. ताबडतोब वरचं बटण दाबायचं, मोटर भार पकडते, हॉर्न देत, लोकांना बाजूला करत, मोकळ्या जागेवर न्यायचं आणि मग खालचं बटण सलग दाबून ठेवून उतरवायचं, मध्ये सोडायचं नाही. मोटर चालू असेपर्यंत ती भाराला ठरलेल्या वेगापेक्षा फारसं पळू देत नाही. जुन्या स्लिप रिंग मोटरच्या केबिन क्रेनवर तर उतरवताना शेवटच्या नॉचवर, म्हणजे हँडलच्या शेवटच्या टप्प्यावर, वेग सगळ्यात आटोक्यात असतो, पहिल्या नॉचवर भार जास्त पळतो, हे नव्या माणसाला उलटं वाटतं पण तसंच आहे. भार जमिनीवर टेकला की मेन ऑफ, कुलूप, टॅग, आणि ब्रेक बघेपर्यंत क्रेन बंद. कपलिंग किंवा गिअर तुटला असेल तर यातलं काहीच चालत नाही, म्हणूनच भाराखाली माणूस कधीच नको. हा सराव मी क्रेन बंद ठेवून करून घेतो, मी ओरडतो "चालूच आहे!" किंवा "सरकतोय!" आणि त्याने दोन सेकंदात बरोबर बटणावर बोट ठेवायचं. वीस वेळा, तीस वेळा, जेवणानंतर झोप येत असतानाही. चुकणारे चुकतात आणि सरावात चुकतात हेच बरं.

लाईट गेली आणि भार हवेत लटकतोय, तर रिमोट बंद करायचा, खाली दोरी बांधून जागा अडवायची आणि तिथेच उभं राहायचं. चहाला जायचं नाही.

कायद्याचं थोडं. आता कामगारांच्या सुरक्षेची नवीन संहिता आली, पण आमची पिढी हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ मधून शिकली: क्रेन, चेन, दोर, सगळं उचलायचं सामान १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासायचं, सुरक्षित भार स्पष्ट लिहायचा, तपासणीची चाचणी सोडून त्याच्यावर कधीच जायचं नाही. त्यातच एक ओळ होती जी फारशी कोणी वाचत नसे, क्रेनच्या रुळावर किंवा रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येऊ द्यायची नाही. तुमच्या बेमध्ये दोन क्रेन आहेत म्हणून हे तुमच्यासाठी जास्त. एक क्रेन बंद करून मेंटेनन्सवाला गँट्रीवर, म्हणजे रुळांच्या बीमवर, चढतो, सगळे म्हणतात क्रेन बंद आहे, पण दुसरी चालू असते आणि तिच्या ऑपरेटरला वर कोणी आहे हे माहीतच नसतं. वर चढण्याआधी रुळावर तात्पुरता स्टॉपर लावा, दोन्ही रिमोटच्या चाव्या चढणाऱ्याच्या खिशात, आणि आयसोलेटरला त्याचं स्वतःचं कुलूप. १९८७ च्या दुरुस्तीने कलम १११-अ आलं, त्यात सुरक्षेचं ट्रेनिंग मिळवणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला होता, जुना कायदा असला तरी हे तुमच्या मॅनेजमेंटला दाखवा, पैसे मागताना उपयोग होतो. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला बिल्ला लावून शपथ घेतात ते चांगलंच आहे, पण ड्रमचा सराव त्याच आठवड्यात ठेवला तर अजून चांगलं. आणि शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, भांडुपहून लांब नाही, त्यांच्याकडे, किंवा बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेकडे कोर्सची चौकशी करा, कार्ड देणाऱ्या एजन्सीशी तुलना तरी होईल.

माणसाबद्दल एक गोष्ट राहिली. ७ च्या पाळीला येणारा तुमचा ऑपरेटर कुठून येतो ते विचारा. आसनगाव, वासिंद, बदलापूर असेल तर तो ४ ला उठलेला असतो, लोकलमध्ये उभा आलेला असतो, आणि आदल्या दिवशी डबल ड्युटी केली असेल तर चार तास पण झोपलेला नसतो. मी सकाळी पहिलं वाक्य विचारतो, झोप झाली का रे? नाही म्हणाला तर त्या दिवशी त्याला स्लिंग तपासायला बसवतो, रिमोट दुसऱ्याकडे, आणि त्याचा पगार कापत नाही, कापला तर उद्यापासून कोणी खरं बोलणार नाही. डोळे वर्षातून एकदा तपासा, लांबचं, रंग, आणि अंतराचा अंदाज, नुसतं लांबची अक्षरं वाचून घेणं पुरत नाही. पावसाळ्यात पत्र्यातून रुळावर गळती असते, चाक घसरतं, क्रेन रोजच्यापेक्षा दोन हात पुढे जाऊन थांबते, जूनच्या आधी पत्रे आणि रूळ दोन्ही बघून घ्या.

वेळ किती द्यायचा? मी असं करतो. दोन दिवस वर्गात आणि शॉपमध्ये मिळून, वजन, बांधणी, इशारे, बिघाड. मग आठ-दहा दिवस रोज तासभर रिकामा हुक आणि ड्रम. मग महिनाभर जुन्या ऑपरेटरच्या नजरेखाली खरा भार, आधी क्षमतेच्या चौथाईपर्यंत, मग अर्ध्यापर्यंत. दोन क्रेनने मिळून एक भार उचलायचा प्रकार याच्यात अजिबात नाही, त्याला इंजिनियरचा कागद लागतो आणि अनुभवी माणूस. शेवटच्या दिवशी परीक्षा, आणि परीक्षेत एक भार मी मुद्दाम चुकीचा बांधून ठेवतो, कडेवर पॅकिंग नाही किंवा लेबल फाटलेला बेल्ट, आणि सुपरवायझरला सांगून ठेवतो की घाई करा, ओरडा. ज्याने उचलला तो नापास, बाकी कितीही सफाईने चालवत असला तरी. गेल्या खेपेला तळोज्याला सहातले चार जण थांबले. राहिलेल्या दोघांना अजून पंधरा दिवस ठेवलं. परत परीक्षा घेतली तेव्हा त्यातल्या एकाने रिमोट खाली ठेवला, हात आडवा करून थांबचा इशारा दिला, आणि स्वतः जाऊन लाकडाचं पॅकिंग शोधायला लागला. त्याचं कार्ड मी त्याच दिवशी सही केलं.